अठराशे दोन म्हणजे सत्तावीस नंबर

मी ‘जुनी खोली’ बोलतोय. नाव ऐकून लगेच गळा दाटून येऊ देऊ नका. उडालेले पोपडे, कोनाडा, दारावरचं तोरण असलं माझ्याकडे काही नाही. मी खोली नाहीच मुळी. मी एक निर्देशक आहे. शाळेत आलेखाच्या कागदावर तुम्ही क्ष-निर्देशक, य-निर्देशक लिहायचात आणि बाई त्यावर लाल पेनाने गोल करायच्या, आठवतंय? त्याच घराण्यातला मी. फक्त मी कॉम्प्युटरमध्ये नोकरीला लागलो, एवढाच फरक.

माझा मुक्काम परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या ऑफिसात. तिथे खिडकीपाशी पूर्वी नावाची मुलगी बसते. तिच्या लॅपटॉपमध्ये ‘फडताळ’ नावाची लायब्ररी आहे आणि त्या फडताळात मी राहतो. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारी तयार अवजारं एकत्र बांधून ठेवली की त्यालाही लायब्ररीच म्हणतात. या लायब्ररीत ‘शांतता राखा’ अशी पाटी नसते. उलट सारखी वादावादी चालते. त्यातली एक माझ्यावरून झाली आणि तीत माझा जीव जायचा राहिला. तेच सांगायला बसलोय.

आधी फडताळ म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. कॉम्प्युटरला आकडे सांभाळायला दिले की तो ते मुकाट्याने ओळीत मांडतो. तिसरी ओळ, सातवा रकाना, दुसरा थर, तिथे बावीस आहे, एवढं तो सांगेल. पण बावीस काय? कुणाचे? कुठले? असं विचारलंत तर मख्खासारखा बघत राहील. देविकाला याचा भयंकर राग यायचा.

देविका म्हणजे फडताळ जिने घडवलं ती, पूर्वीच्याच ऑफिसातली. गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घरातली. बोलणं नेटकं, अक्षर नेटकं, आणि डब्यात कोळंबीचं भानोलं आणलं तर त्याचे तुकडेसुद्धा पट्टीने कापल्यासारखे. तिच्या स्वयंपाकघरात ज्या डब्यावर ‘साखर’ लिहिलंय त्यात साखरच सापडते म्हणे. अशा बाईने आकड्यांना बेवारशी कसं सोडावं? तिने ठरवलं, आकड्यांच्या ठोकळ्याला जितक्या बाजू असतील तितके अक्ष मानायचे आणि प्रत्येक अक्षावर पाट्या लावायच्या. त्या पाट्या म्हणजे आम्ही निर्देशक.

आमच्यात दोन प्रकार. मुख्य निर्देशक अक्षाच्या दाराशीच बसतो. काही शोधायचं असो की दोन ठोकळे एकमेकांशी जुळवायचे असोत, सगळं त्याला विचारून. त्याचा रुबाब काही औरच. दुसरे सोबतीचे निर्देशक. ते मुख्याच्या बाजूला उभे राहून जास्तीची माहिती सांगतात, पण जुळवाजुळवीच्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही. लग्नाच्या बैठकीत कोपऱ्यात बसवून चहा दिलेले मामा असतात ना, तसे. मी या दुसऱ्या प्रकारातला.

आता माझा जन्म. पूर्वी लालबागची. तिची चाळ पाडून त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि जुन्या बिऱ्हाडांना त्यात घरं मिळाली. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, त्यामुळे शेजार पार फुटला. जन्मभर एकमेकींच्या दारात बसून भाजी निवडणाऱ्या बायका, कुणी चौथ्यावर तर कुणी एकविसाव्यावर जाऊन पडल्या. लिफ्टमध्ये भेटल्या की दार बंद होईपर्यंत घाईघाईने बोलून घ्यायच्या.

एकदा पूर्वीची आई, शैला, सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप वाचत होती.

“अठराशे दोनमध्ये भिंतीला ओल आलीय म्हणे,” ती म्हणाली. “पूर्वी, अठराशे दोन म्हणजे कोण गं?”

“रखमाकाकी गं. सत्तावीस नंबर.”

“मग असं मराठीत सांग ना!”

ओल फक्त रखमाकाकीकडेच नव्हती. बऱ्याच घरांत भिंतींवर डाग उमटायला लागले होते. सोसायटीचा सेक्रेटरी दीपक, हाही चाळीतलाच. त्याने ओल मोजायचं एक छोटं यंत्र पैदा केलं. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या की आकडा दिसतो. दिवाळी झाल्यावर पूर्वी ते यंत्र घेऊन घरोघर फिरली. प्रत्येक फ्लॅटची प्रत्येक भिंत, खाली, मधे आणि छताजवळ, अशी ओल तिने टिपून घेतली. फडताळ वापरून बघायला तिला खराखुरा नमुना हवाच होता. फ्लॅट, भिंत, उंची असे तीन अक्ष झाले. ‘फ्लॅट’ नावाचा मुख्य निर्देशक एकशे एक, एकशे दोन करत दाराशी जाऊन बसला. आणि मग आईचं ते वाक्य आठवून पूर्वीने त्याच्या शेजारी मला उभं केलं. प्रत्येक फ्लॅटमधल्या माणसांची चाळीतली खोली कुठली, ते सांगायला.

त्या संध्याकाळी तिने लॅपटॉप घरी ओट्यावर ठेवला आणि सगळे फ्लॅट माझ्या क्रमाने लावून आईला दाखवले. शैलाने चष्मा चढवला. “पंचवीस, सव्वीस... सत्तावीस रखमा, अठ्ठावीस आपण, एकोणतीस...” ती बोट ठेवून वाचत गेली. टॉवरभर विखुरलेली माणसं पडद्यावर पुन्हा शेजारीशेजारी बसली होती. शैलाने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मला तेव्हा फार बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोलू, थोडा फुगलोसुद्धा.

माझा तो फुगा देविकाने फोडला.

फडताळाची नवी आवृत्ती निघायची होती आणि देविका साफसफाईच्या मागे लागली होती. सोबतीच्या निर्देशकांनी तिला जेरीस आणलं होतं. एका ठोकळ्यातला सोबती एक सांगतो, दुसऱ्यातला दुसरंच सांगतो, मग दोन ठोकळ्यांची बेरीज करताना कुणाचं खरं मानायचं? आजवर फडताळाचा नियम सोपा होता. भांडणारे दोघेही बाहेर, तेही मुकाट्याने. मुख्य निर्देशकांचंही तसंच. दोन्हीकडे जी पाटी असेल तीच ठेवायची, बाकीच्यांना निरोप न देता घरी पाठवायचं.

“मला वाटतं सोबतीवाले काढूनच टाकावेत,” देविका म्हणाली. “ज्याच्या नावाने काही जुळवता येत नाही, तो तिथे हवाय कशाला?”

“अगं, माहितीला,” पूर्वी म्हणाली.

“माहिती बाहेर ठेव ना कुठेतरी. फडताळात गर्दी नको. शुक्रवारी ठरवून टाकू.”

माझी पाचावर धारण बसली. शुक्रवारी ठरवून टाकू! जणू काही जुनं कॅलेंडर भिंतीवरून उतरवायचंय.

तिकडे टॉवरमध्येही घाई उडाली होती. बांधकामवाल्यांची मोफत दुरुस्तीची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. त्यांच्या सुपरवायझरचं म्हणणं होतं की पावसाळ्यात भिंत ओली झाली तर तो पाऊस, आमचा दोष नाही. पण दिवाळी ते होळी आभाळातून थेंब पडत नाही. त्या काळात ज्या भिंतीची ओल वाढलेली दाखवाल, तिच्यात आमचा पाइप गळतोय असं धरून मी भिंत फोडून दुरुस्त करून देईन. शनिवारी येतो, फ्लॅट सांगा. हिशेब सरळ होता. होळीनंतर पुन्हा ओल मोजायची आणि त्यातून दिवाळीची वजा करायची.

या वजाबाकीकडे रखमाकाकी डोळे लावून बसली होती. काकी एकटी राहते. होळी झाली की ती लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची आणते, गच्चीत वाळवते, डंकावर कुटून घेते आणि मालवणी मसाला करते. वरळीपासून अँटॉप हिलपर्यंत तिचे सगळे गणगोत वर्षभर तोच मसाला खातात. बरण्या ठेवायला मागच्या खोलीची भिंत, आणि नेमकी तीच ओली. गेल्या खेपेचा अख्खा मसाला बुरसटला. मुलगा अँटॉप हिलला राहतो. तो म्हणाला, या ओलीत तुला दमा होईल, भिंत झाली नाही तर घर बंद कर आणि आमच्याकडे ये. मुलगा चांगला, सून चांगली. पण काकीला लालबाग सोडायचं नव्हतं. भिंत झाली तर काकी राहणार, नाही झाली तर जाणार, असं सरळ होतं.

दुसरी मोजणी झाली तेव्हा पूर्वी नव्या आवृत्तीत गळ्यापर्यंत बुडाली होती, म्हणून दीपकने ती अंगावर घेतली. आरतीचं तबक फिरावं तसं ते यंत्र मजल्यामजल्यावर फिरलं. ज्याने त्याने आपली भिंत मोजायची आणि आकडे मोबाइलवर भरायचे. दीपकने वर एक चौकट ठेवली होती, ‘घर नंबर’. तरुण मंडळींनी त्यात फ्लॅटचा नंबर टाकला. जुन्या माणसांनी काय टाकलं असेल?

ही चूक करायला चाळीतून टॉवरमध्ये जावं लागतं, दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हे. त्यांना नवा नंबर माहीत नव्हता असं अजिबात नाही. लिफ्टमध्ये काकी न चुकता अठराचं बटण दाबते. पण ‘घर नंबर?’ असं कुणी विचारलं की हात आपोआप ‘सत्तावीस’ लिहितो. घर म्हणजे सत्तावीस. अठराशे दोन हा फ्लॅट झाला.

दीपकने आलेले आकडे जसेच्या तसे पूर्वीला पाठवले. तिने ते फडताळात टाकले आणि वजाबाकीचा हुकूम सोडला. मी तिथेच उभा होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं.

दाराशी बसलेल्या ‘फ्लॅट’साहेबांनी दोन्हीकडच्या पाट्या ताडून बघितल्या. “सत्तावीस? आमच्याकडे असा फ्लॅट नाही. बाहेर. अठराशे दोन? तुमच्या जोडीचं पलीकडे कुणी नाही. तुम्हीही बाहेर.”

“अहो साहेब,” मी जीव तोडून म्हणालो, “तीच ती! सत्तावीस म्हणजेच अठराशे दोन! माझ्याकडे लिहिलंय!”

पण सोबत्याचं कोण ऐकतो? एकामागून एक जुनी मंडळी गळत गेली. पडद्यावर ना लाल अक्षरं, ना सूचना, ना साधं खाकरणं. उत्तर आलं, स्वच्छ, सुबक, कुठे खाडाखोड नाही. कामाच्या रगाड्यात पूर्वीने ते दीपकला पाठवलं आणि दीपकने सुपरवायझरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रखमाकाकी पूर्वीच्या दारात हजर. चप्पलसुद्धा घातली नव्हती.

“काय गो पूर्वी, माझी भिंत तुझ्या कॉम्प्युटराक दिसाक नाय?”

“म्हणजे काय काकी?”

“दीपकान माका सांगल्यान, तुझा नाव त्येच्यात नाय. शनिवारी तो माणूस येतलो आणि माझ्या दारावरसून निघान जातलो. नळाच्या पाण्यावरसून मी दीपकाक बोललंय, म्हणान माका गाळलास काय?”

“अगं नाही गं, काकी! असं कोण करेल?”

“मगे माझी भिंत गेली खय?”

मागोमाग दीपकही आला. त्याचा चेहरा पडलेला. “आयशप्पथ सांगतो, मी काय नाय केलं यार. जे आलं ते फॉरवर्ड केलं. पूर्वी, तूच बघ ना एकदा.”

पूर्वीने लॅपटॉप उघडला आणि अठराशे दोन शोधला. उत्तरात नाही. मग दुसऱ्या मोजणीचे मूळ आकडे उघडले. तिथे पाट्या होत्या एकेचाळीस, नऊ, सत्तावीस, तेरा. पूर्वीने कपाळावर हात मारला.

“काकी, ‘घर नंबर’मध्ये तू काय लिहिलंस?”

“काय लिवतलंय? आमचो नंबर. सत्तावीस.”

शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, “बरोबर लिहिलंय की.”

पूर्वीला आधी हसू फुटलं, आणि मग एकदम तिचं हसू थांबलं. कारण गळलेली एकटी काकी नव्हती. चाळीतली निम्मीअधिक जुनी माणसं त्या सुबक उत्तरातून नाहीशी झाली होती आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला खरोखर लाज वाटली. काकीचा हात धरून ती म्हणाली, “मी करते नीट. शनिवारच्या आत.”

“कर बाये. माका खय जावचा नाय,” काकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. म्हणजे माझाही निकाल. देविका वहीपेन घेऊन तयारच बसली होती.

“सोबतीवाले काढायचे. कुणाला काही म्हणायचंय?”

“मला,” पूर्वी म्हणाली आणि तिने काकीच्या भिंतीची गोष्ट सांगितली.

देविकाने शांतपणे ऐकून घेतली. “वाईट झालं. पण लोकांनी चुकीचा नंबर लिहिला, यात फडताळाचा काय दोष?”

“चूक त्यांची, कबूल. पण गप्प कोण बसलं? निम्मी माणसं गाळली आणि एका शब्दाने सांगितलं नाही!”

“प्रत्येक वेळी काम अडवलं तर वापरणारे वैतागतील गं.”

“वैतागू देत. काकी तर घर सोडून चाललीय, मॅडम.”

त्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने आणि अरेतुरे बोलतात. ‘मॅडम’ निघालं की समजायचं, खरं भांडण सुरू झालं. देविकाचा चेहरा कडक झाला. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या घरी कुणीतरी पार्सल घेऊन आला होता आणि त्याला घर सापडत नव्हतं.

“हो, गिरगावच,” देविका त्याला सांगू लागली. “सरळ या, छापखान्याच्या गल्लीत वळा. अहो, छापखाना दिसणार नाही. नाहीये आता छापखाना. पण गल्ली त्याचीच ना! छापखान्यासमोरचं घर, कुणालाही विचारा. नाही हो, बिल्डिंगचं नाव सांगून काही उपयोग नाही, ते कुणालाच माहीत नाही.”

तिने फोन ठेवला. पूर्वी ओठ घट्ट मिटून लॅपटॉपकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

“कधी बंद झाला गं तो छापखाना?” तिने शेवटी विचारलंच.

देविकाने क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग ती स्वतःच हसायला लागली. “मी जन्मायच्या आधी,” ती म्हणाली. “मी तो पाहिलेलाही नाही.”

हसून झाल्यावर तिने वहीतलं ‘सोबतीवाले काढणे’ खोडलं. माझा जीव भांड्यात पडला. देविकाचं एक मानायला हवं, हट्टी आहे, पण चुकलं की सारवासारव करत नाही. तिने खुर्ची पूर्वीच्या टेबलापाशी ओढली. मग दोघी दुपारचं जेवण विसरून भांडत आणि लिहीत राहिल्या.

ठरलं ते असं. दोन ठोकळ्यांच्या पाट्या तंतोतंत जुळल्या नाहीत, तर फडताळाने स्वतःच्या मनाने कुणालाही गाळायचं नाही. तिथेच थांबायचं आणि कोण कोण जुळत नाही ते नावानिशी सांगायचं. गाळायचंच असेल तर वापरणाऱ्याने तसं स्पष्ट लिहून सांगावं. सोबत्यांची भांडणं झाली तर तीही उघड सांगायची. आणि सगळ्यात शेवटी पूर्वीने जे मागितलं त्याने माझे डोळेच विस्फारले. हवं तेव्हा कुठल्याही सोबत्याला उचलून दाराशी बसवता यावं, मुख्य निर्देशक म्हणून!

“म्हणजे उद्या कुणीही उठून मुख्य होणार?” देविका कुरकुरली.

“कुणीही नाही. ज्याच्या पाट्या एकेकाच आहेत, दोन घरांना एकच पाटी नाही, तो.”

“हं. ते बरोबर,” देविका म्हणाली.

आणि मी दाराशी बसलो! पहिल्यांदाच! ‘फ्लॅट’साहेब बाजूला उभे, तोंड एवढंसं करून. पूर्वीने दुसऱ्या मोजणीतले जुने नंबर वेगळे काढून माझ्यापुढे पाठवले. सत्तावीस आली. “या काकी,” मी म्हणालो, “तुम्ही अठराशे दोन. जा आपल्या जागेवर.” एकेचाळीस आले, नऊ आले, तेरा आले. एकेकाला मी त्याच्या फ्लॅटपर्यंत पोचवत होतो. आणि एकदम फडताळ थांबलं. नव्या नियमाप्रमाणे पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार उमटली. एक पाटी कुठेच जुळत नव्हती. पाटी होती, ‘नळासमोर’.

देविकाने डोळे मिटून घेतले. “घर नंबर, नळासमोर?”

पूर्वीने आईला फोन लावला. “आई, नळासमोर कोण?”

“लवूअण्णा!” पलीकडून क्षणात उत्तर आलं. “त्यांना नंबर कधी कुणी विचारलाच नाही.”

जुनं फडताळ असतं तर लवूअण्णा बिचारे कुणाला न कळता गेले असते. पूर्वीने त्यांची पाटी नीट केली आणि पुन्हा वजाबाकी केली. या खेपेला एकही घर गळलं नाही. अठराशे दोन, मागची भिंत, छताजवळ. तिथला आकडा इतका वाढलेला होता की देविका खुर्चीतून पुढे झुकली. “अगं, हे तर सगळ्यात वाईट घर आहे,” ती म्हणाली. “आणि आपण हेच दाखवलं नव्हतं.”

शनिवारी सुपरवायझर आला. पूर्वीने त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून धरला, त्यामुळे पुढचं मी काकीच्या मागच्या खोलीतूनच पाहिलं. त्याने आकडे बघितले, पुन्हा एकदा यंत्र लावून पाहिलं आणि भिंत फोडायला सांगितली. काकीने बरण्यांवर जुनी साडी पसरली आणि दारात उभी राहिली. तिच्याने आत येववेना, बाहेर जाववेना. छताजवळचं प्लास्टर उडालं आणि आत पाइपाचा सांधा पाझरताना दिसला.

“झाला काय!” काकी ओरडली. “माझी भिंत खोटा बोलाक नाय!” आणि मग तिथेच खुर्चीत बसून ती पदराने डोळे पुसत राहिली. दीपकने तिच्यासाठी पाणी आणलं. ती आधी पाणी प्यायली आणि मग त्याला म्हणाली, “मी बोललंय ता इसर रे झिला.”

“जाऊ दे गं काकी,” दीपक म्हणाला.

भिंत झाली. काकी कुठेही गेली नाही. त्या मोसमाचा मसाला तिने त्याच खोलीत भरला. एक बाटली देविकाला पोचली. देविकाने तिच्यावर लगोलग चिठ्ठी चिकटवली, ‘मसाला’, आणि मग थोडा विचार करून खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘सत्तावीस नंबरचा’.

माझं म्हणाल तर आता बरं चाललंय. नव्या आवृत्तीत मी आहे. कुठेकुठे लांबच्या देशांत माझे भाऊबंद समुद्राचं तापमान आणि वाऱ्याचा वेग सांभाळताना दाराशी जाऊन बसतात म्हणे. मी मात्र अजून काकीच्या टॉवरच्या आकड्यांतच आहे. पण एक गोष्ट मला कळते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टॉवरमधली काही घरं आता दुसऱ्यांनी घेतली. चांगली माणसं आहेत. पण त्यांना चाळीतली खोली नाही, म्हणून त्यांच्या रकान्यात माझ्याकडे ‘रिकामं’ असं लिहिलं जातं. अशी रिकामी जागा हळूहळू वाढतेय. एक दिवस मी वरपासून खालपर्यंत रिकामा असेन आणि तेव्हा कुणीतरी नेटकी मुलगी मला काढून टाकेल. तिची चूक नसेल. माझं तिच्यापाशी एवढंच मागणं आहे की काढताना गप्प बसून काढू नकोस. कुणाला गाळतेयस ते मोठ्याने वाच आणि मग खुशाल काढ.

परवा भिंती सुकल्यावर तिसरी मोजणी झाली. दीपक शहाणा झाला होता. या खेपेला चौकटीत लिहायची सोयच नव्हती, दिलेल्या फ्लॅट नंबरांतून आपला निवडायचा होता. रखमाकाकीने चष्मा लावला, बोट सरकवत सरकवत खाली आली आणि बरोबर अठराशे दोन निवडला. चूक नाही, गोंधळ नाही. ‘फ्लॅट’साहेबांनी माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की विचारू नका. संपलं तुमचं काम, असं त्यांना म्हणायचं होतं. काकीचं बरोबर आलं याचा मला आनंद झाला आणि आतून वाईटही वाटलं.

मग पुढची चौकट आली. तिथे नाव लिहायचं होतं. काकीने सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘रखमा, सत्तावीस नंबर’.

पूर्वीने ते वाचलं, आईला हाक मारून दाखवलं, आणि काही न खोडता तसंच राहू दिलं.